इंजिनाचा श्वास पुन्हा दिसू द्या : रेल्वे मंत्रालयास खुले पत्र

प्रति,
माननीय रेल्वेमंत्री, भारत सरकार,
अध्यक्ष, रेल्वे मंडळ, नवी दिल्ली, आणि
विभागीय रेल्वे व्यवस्थापक, मध्य रेल्वे, भुसावळ.

विषय : मूर्तिजापूर–अचलपूर नॅरोगेज मार्गाचा एक लहानसा तुकडा आणि वाफेचे एक इंजिन मुलांसाठी चालते ठेवण्याबाबत.

महोदय,

मी अमरावती जिल्ह्यातील अंजनगाव सुर्जी तालुक्यात लहानाचा मोठा झालो. आमच्या शिवाराच्या कडेने जी अडीच फुटी रुळांची गाडी जात असे, तिला सारा वऱ्हाड शकुंतला या नावाने ओळखतो. या मार्गाविषयी आपल्या कार्यालयांत आजवर निवेदनांचे गठ्ठे जमा झाले असतील, आणि त्यांत कापूस, संत्री, विद्यार्थी, रुग्ण आणि बाजारहाट यांचा हिशेब मांडलेला असेल. तो हिशेब खरा आहे आणि माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. परंतु माझे निवेदन एका खेळाविषयी आहे. हा खेळ आम्ही 1980च्या दशकात फक्त हिवाळ्यात खेळत असू. तो एका गाण्यावर चालत असे, आणि ते गाणे व तो खेळ या दोहोंचा जीव आपल्या गाडीच्या त्या रुळांवर होता.

खेळ असा होता. मार्गशीर्ष लागला, की पहाटे सातपुड्याकडून येणारा वारा अंगाला झोंबू लागायचा आणि बोलताना तोंडातून वाफ दिसू लागायची. ज्या दिवशी ती पहिल्यांदा दिसे, त्या दिवशी आमच्या गल्लीतील सगळ्या मुलांना एकमेकांना हाक मारण्याची गरज उरत नसे. अंगाभोवती आईचे जुने लुगडे किंवा वाकळ गुंडाळून, कानाला फडके बांधून आम्ही घरामागच्या मोकळ्या जागेत जमत असू. मग एकेकाने तोंड वर करून जोराने श्वास सोडायचा. ज्याची वाफ सर्वांत लांब जाईल, तो त्या दिवशीचे इंजिन. बाकीच्यांनी त्याच्यामागे सदऱ्याचे टोक धरून डबे व्हायचे. सर्वांत शेवटी गार्ड. गार्डाच्या एका हातात हिरवा झेंडा म्हणून पळसाचे पान असे आणि दुसऱ्या हातात लाल झेंडा म्हणून फाटक्या पदराची चिंधी. अंजनगावच्या पानमळ्यांतून टाकून दिलेली विड्याची पाने आणून त्यांची तिकिटे केलेली असत. तिकीट देणारा, झेंडा दाखवणारा आणि फाटक बंद करणारा हा एकच मुलगा असे. मोठी माणसे हे पाहून हसत. पण शकुंतलेवर खरोखरीच अशी वेळ आली, की मोजक्या कर्मचाऱ्यांपैकी गार्डच स्थानकावर उतरून तिकिटे देऊ लागला. त्यामुळे आमचा खेळ वास्तवाला धरूनच होता, असे आज म्हणावेसे वाटते.

इंजिन ठरले की ते थेट सुटत नसे. आधी त्याला पाणी आणि कोळसा लागे. आमच्या अंगणात आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब पेटलेला असे. मधोमध धुराडे, खाली जाळी, बाजूला पितळी तोटी. आजी त्यात पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, काड्या आणि गोवरीचे तुकडे सारत असे. हाच आमचा लोकोशेड होता. इंजिन झालेल्या मुलाने बंबासमोर उकिडवे बसून दोन्ही हात शेकायचे, एक काडी आत सारायची आणि मग उभे राहून शिट्टी द्यायची, असा नियम होता. आजी दरवेळी एकच वाक्य म्हणे : "कानाले फडकं बांधा रे पोट्टेहो, मग जा कोठी जायचं तं." आम्हाला ते स्टेशनमास्तरने दिलेल्या परवानगीसारखे वाटे.

आता गाण्याविषयी. गदिमांनी लिहिलेले आणि आशा भोसले यांनी गायिलेले अगीनगाडीचे गाणे महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, त्यामुळे त्याचे शब्द इथे उतरवण्याचे कारण नाही. ते आमच्याकडे नागपूर आकाशवाणीवरून आले. माझ्या थोरल्या ताईने ते रेडिओला कान लावून, चार-सहा वेळा ऐकून पाठ केले आणि त्या खेळात इंजिनाचा आवाज होण्याचे काम तिच्याकडे गेले. ती रांगेत नसे. ती ओट्यावर उभी राहून गाणे म्हणत असे आणि गाडी तिच्या तालावर चाले. तिने लय वाढवली की आम्ही धावायचे, तिने लय ओढली की चढ लागला असे समजायचे. आमच्या सपाट मुलखातील त्या मार्गावर म्हणावा असा चढ नव्हता, तरी ताईच्या गाण्यात रोज एक घाट येत असे. गाण्यात मामाच्या गावी जायचे असते, तिथे सोन्याचांदीच्या पेठा असतात, गुलाबजाम असतात. आमचा खरा मामा दर्यापूरला राहत असे, आणि त्या गावाचे स्थानक बनोसा या नावाचे होते. त्याच्या घरी गुलाबजाम केवळ लग्नकार्यात होत, पण हिवाळ्यात हुरडा असे आणि बोरे असत. त्यामुळे आम्ही त्या ओळीच्या वेळी मनातल्या मनात हुरडा खात असू.

या गाण्यात हवेत धुराच्या रेषा काढण्याची जी कल्पना आहे, तिच्यावर आमचा सगळा खेळ उभा होता. उन्हाळ्यात कोणी हा खेळ खेळत नसे, कारण उन्हाळ्यात तोंडातून रेषा निघत नाही. गाडी थांबण्याचा नियमही त्यातूनच निघाला होता. पूर्वेकडच्या तुरीच्या शेतावर सूर्य आला, की हळूहळू वाफ दिसेनाशी होई. पुढचा मुलगा तोंड वर करून एकदा, दोनदा, तीनदा श्वास सोडून पाही आणि काही दिसले नाही की म्हणे, "पाणी संपलं." तिथे गाडी थांबायची आणि जिथे ती थांबली असेल ते मामाचे गाव. एखाद्या दिवशी मामाचे गाव गोठ्याजवळ येई, एखाद्या दिवशी विहिरीच्या काठाशी, आणि धुके असले तर ते पार रुळांपर्यंत जाई. ऊन पडले की मामाचे गाव येते, हे आमच्या मनात इतके पक्के बसले होते, की आजही थंडीच्या सकाळी पाठीवर ऊन आले की मला कुठेतरी पोहोचल्यासारखे वाटते.

रुळांपर्यंत गाडी गेलीच, तर आम्ही एक करामत करून पाहत असू. आपल्या या मार्गाच्या दोन रुळांतील अंतर 762 मिलिमीटर आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाने पाय फाकून ताण दिला, तर त्याचा एक पाय एका रुळावर आणि दुसरा पाय दुसऱ्या रुळावर टेकतो. ब्रॉडगेजच्या 1676 मिलिमीटरमध्ये हे मोठ्या माणसालाही जमणार नाही. जो मुलगा असा उभा राहू शकेल, तो मोठा झाला असे आम्ही मानत असू. या दृष्टीने पाहिले तर तो मार्ग मुलांच्या मापाचा होता. गाडी येत नाही ना, हे रुळाला कान लावून आम्ही आधी पाहत असू. तरीही हे करणे धोक्याचे होते हे मला आज कळते, आणि मी कोणत्याही मुलाला तसे करू देणार नाही.

एके दिवशी शकुंतला खरोखरीच आली आणि आमच्या खेळासमोर थांबली. काही कारणाने तिला तिथे दहा-पंधरा मिनिटे उभे राहावे लागले असावे. पौषातील सकाळ होती आणि इंजिनाभोवती एवढी पांढरी वाफ दाटली होती, की चाके दिसत नव्हती. आम्ही सगळे सदऱ्यांची टोके धरून तसेच उभे होतो. इंजिनावरच्या वयस्क चालकाने आमच्याकडे, म्हणजे आमच्या तोंडांकडे, पाहिले आणि तो म्हणाला, "थंडीत इंजिनचाही जीव दिसते, पोट्टेहो. उन्हाळ्यात हे इतकीच वाफ सोडते, पण कोणाले दिसत नाही." मग त्याने आमच्यातल्या सर्वांत पुढच्या मुलाला, जो त्या दिवशी योगायोगाने मी होतो, हाताने खूण केली. मी श्वास सोडला. त्याने इंजिनाची वाफ सोडली. ताई ओट्यावर होती, तिला हे दूरवरून दिसले आणि ती गाणे मध्येच थांबवून धावत आली.

मी पुढे यंत्र अभियांत्रिकी शिकलो, त्यामागे अनेक कारणे असतील, पण त्या चालकाचे वाक्य शास्त्रीयदृष्ट्या अचूक होते हे समजल्यावर मला जो आनंद झाला तो वेगळा होता. खरी वाफ डोळ्यांना दिसतच नाही. आपण जे पाहतो ते थंड हवेत तिचे झालेले पाण्याचे सूक्ष्म थेंब असतात. मुलाच्या तोंडातून आणि इंजिनाच्या धुराड्यातून हिवाळ्यात एकच गोष्ट बाहेर पडत असते. शिवाय इंजिन "झुक" म्हणते तो आवाजही श्वासाचाच आहे. सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलून झाल्यावर उरलेली वाफ धुराड्यात सोडली जाते, ती वर जाताना भट्टीतील हवा ओढून घेते आणि त्यामुळे आग फुलते. म्हणजे इंजिन जितके वेगाने श्वास सोडेल, तितकी त्याची भट्टी अधिक पेटते. दोन सिलिंडरांच्या साध्या इंजिनात चाकाच्या एका फेऱ्यात असे चार उच्छ्वास होतात. गाण्याच्या आरंभीही ते चार वेळा आहेत. कवीने ते मोजून लिहिले की कानाने लिहिले, हे मी सांगू शकत नाही. परंतु ताईच्या तोंडून ते चार ठोके ऐकत आम्ही जेव्हा पावले टाकत होतो, तेव्हा वाफेच्या इंजिनाचे चक्र आम्ही पायांनी शिकत होतो, हे मात्र मी खात्रीने सांगतो. पुढे वर्गात फळ्यावर तीच आकृती काढली गेली, तेव्हा मला ती कळण्यास अडचण आली नाही.

या मार्गाचा इतिहास आपल्या दफ्तरात आहे, त्यामुळे तो थोडक्यात सांगतो. किलिक निक्सन या ब्रिटिश कंपनीच्या व्यवस्थापनाखाली वऱ्हाडातील कापूस मुंबईकडे आणि तिथून मँचेस्टरकडे नेण्यासाठी हे रुळ विसाव्या शतकाच्या आरंभी टाकले गेले. मूर्तिजापूर हे मधले ठिकाण, तिथून एक फाटा यवतमाळला आणि दुसरा अचलपूरला, दोन्ही मिळून सुमारे 190 किलोमीटर. मँचेस्टरमध्येच 1921 साली बनलेले इंजिन सत्तरहून अधिक वर्षे या रुळांवर धावले आणि 15 एप्रिल 1994 रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली. ज्या शहरासाठी आमचा कापूस गेला, त्याच शहरातून आमच्या खेळाचे इंजिन आले. या देवघेवीत आमच्या शेतकऱ्यांच्या वाट्याला काय आले, याचा विचार केला की आजही मन कडू होते. परंतु इंजिन बनवणाऱ्यांनी आणि ते सात दशके सांभाळणाऱ्या आपल्या कर्मचाऱ्यांनी आम्हा मुलांना जे दिले, त्याबद्दल कृतज्ञता वाटल्याशिवायही राहत नाही.

डिझेल आले त्या वर्षी मी गावी नव्हतो. पुढच्या हिवाळ्यात सुट्टीला आलो तेव्हा धाकट्या चुलतभावंडांना मी आमचा खेळ लावून दिला. त्यांनी तो दोन दिवस खेळला. तिसऱ्या दिवशी सहा वर्षांच्या चुलतबहिणीने मला विचारले, की गाडीच्या तोंडातून काही येत नाही, मग आम्ही तोंडातून कशाला सोडायचे. माझ्याकडे उत्तर नव्हते. ती मुले पुढे मोटारगाडी-मोटारगाडी खेळू लागली. गाणे मात्र त्यांनी सोडले नाही. ते शाळेच्या स्नेहसंमेलनात, वाढदिवसांत, बालवाडीत म्हटले जात राहिले. पुढे अचलपूरची गाडीही बंद पडली आणि रुळांवर बाभळी उगवल्या.

मी आता पुण्यात राहतो. माझी मुलगी हे गाणे संपूर्ण म्हणते, हातवारे करते, पुठ्ठ्याची गाडी रंगवते. तिला धुराच्या रेषा म्हणजे काय हे चित्रावरून माहीत आहे. मागच्या पौषात आम्ही गावी गेलो असताना पहाटे मी तिला घराबाहेर आणले आणि श्वास सोडायला सांगितले. तिने सोडला, रेषा निघाली आणि ती चकित होऊन पुन्हा पुन्हा सोडत राहिली. मग तिने विचारले, "बाबा, खरी गाडी पण अशीच करायची?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "दाखव ना." हे पत्र त्या दोन शब्दांमुळे लिहिले आहे.

आता माझी मागणी. ब्रॉडगेज व्हावे, ही आमच्या भागाची जुनी आणि न्याय्य अपेक्षा आहे. तासन्‌तास रखडणाऱ्या गाडीचे गोडवे गाऊन आजारी माणसाला आणि परीक्षेला निघालेल्या विद्यार्थ्याला ताटकळत ठेवण्याचा अधिकार मला नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की रूपांतर होईल तेव्हा जुना मार्ग मुळापासून उखडून भंगारात काढताना मधल्या एखाद्या स्थानकाची इमारत, तिचा फलाट आणि तिच्यासमोरचे निदान अर्धा किलोमीटर अडीच फुटी रुळ तसेच राहू द्यावेत. अंजनगाव, बनोसा किंवा पथ्रोट यांपैकी कोणतेही स्थानक निवडले तरी चालेल. मी माझ्या गावाचा आग्रह धरत नाही. त्या रुळांवर वाफेचे एक इंजिन पुन्हा पेटेल अशा स्थितीत आणावे, आणि हिवाळ्यातल्या काही ठरावीक सकाळी, ऊन वर येण्याच्या आत, ते परिसरातील जिल्हा परिषद शाळांच्या मुलांसाठी चालवावे.

यावर संग्रहालय आहे असे उत्तर दिले जाईल, याची मला कल्पना आहे. नागपूरला नॅरोगेज रेल्वेचे संग्रहालय 2002 पासून आहे, मी ते पाहिले आहे आणि ते मन लावून उभारलेले आहे. परंतु तिथे मांडून ठेवलेली इंजिने थंड आहेत. त्यांना हात लावला तर लोखंडाचा गारवा लागतो, आणि जे मुलाला कळायला हवे ते तर उष्णतेत आहे. इंजिन गरम असते, ओले असते, त्याला तेलाचा आणि कोळशाचा वास असतो, ते उभे असतानाही आतून हलत असते. वाफेची इंजिने चालू स्थितीत ठेवण्याचे ज्ञान आपल्याकडे नाही असेही नाही, कारण हरियाणातील रेवाडीच्या शेडमध्ये ते काम आपलीच माणसे करतात. दार्जिलिंग, निलगिरी आणि काल्का–सिमला या मार्गांना जागतिक वारशाचा मान मिळाला तो डोंगर, पूल आणि बोगदे यांच्या बळावर. आमच्या मार्गावर बोगदा नाही. काळी माती, पऱ्हाटी, तूर आणि दूरवर सातपुड्याची निळी रेघ, एवढेच आहे. इथे पर्यटक येणार नाहीत आणि उत्पन्नही बेताचेच होईल. म्हणूनच हा प्रस्ताव पर्यटनाच्या रकान्यात घालू नये अशी विनंती आहे. तो शिक्षणाच्या रकान्यात घालावा. एका जिल्ह्यातील मुलांना उष्णता, दाब, गती आणि कविता या चारही गोष्टी एका सकाळी, एका ठिकाणी, एकमेकांत मिसळलेल्या दाखवण्याचे दुसरे साधन मला तरी ठाऊक नाही.

आणखी एक विनंती आहे, आणि ती अधिक निकडीची आहे. या मार्गावर वाफेच्या इंजिनावर काम केलेले चालक, फायरमन आणि गँगमन आता वृद्ध झाले आहेत, काही गेले आहेत. त्यांच्याकडे बसून त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करून ठेवावे. कोणत्या ऋतूत भट्टी कशी राखायची, पहाटेच्या दवाने ओल्या झालेल्या रुळांवर चाके घसरू लागली की वाळू कशी सोडायची, हे त्यांच्या शब्दांत, वऱ्हाडीत, जसेच्या तसे टिपले जावे. यासाठी रुळ लागत नाहीत, मंजुरीची मोठी प्रक्रिया लागत नाही; एक यंत्र आणि ऐकणारी दोन माणसे पुरतील. मूर्तिजापूर आणि अचलपूर येथील महाविद्यालयांचे विद्यार्थी हे काम करू शकतील आणि मी स्वतः त्यांच्याबरोबर गावोगाव फिरण्यास तयार आहे. माझ्याशी बोललेला तो चालक मला पुन्हा कधीच भेटला नाही. त्याचे नावही मी विचारले नव्हते.

ताई आता साठीकडे झुकली आहे. तिचा आवाज पूर्वीसारखा राहिला नाही, पण मागच्या पौषात माझ्या मुलीने आग्रह केला तेव्हा ती त्याच ओट्यावर उभी राहिली आणि तिने लय धरली. मी इंजिन झालो, मुलगी गार्ड झाली. बंब आता नाही, म्हणून आम्ही चुलीसमोर हात शेकले. विहिरीपर्यंत पोहोचताना ऊन आले आणि पाणी संपले.

महोदय, आपल्यापैकी कोणी या मार्गाची पाहणी करण्यास येणार असेल, तर कृपया ती पौष किंवा माघ महिन्यात ठेवावी आणि सकाळी सातच्या आत यावे. आमची गाडी तुरीच्या शेताकडच्या बाजूने सुटते. आपणास डबा व्हायचे असल्यास जागा आहे.

आपला नम्र,
अंजनगाव सुर्जी तालुक्यातील एक जुना प्रवासी